बेडरूमच्या भिंतीतली ओल: पुण्यातल्या एका रीसेल फ्लॅटची पूर्ण केस

ही केस आमच्याच घरची आहे, 2023 सालची. लिहायचं कारण एवढंच की तेव्हा "भिंतीला ओल" म्हणून विचारलं की जो तो एकच उत्तर द्यायचा, वॉटरप्रूफिंग करून घ्या. पण पाणी येतंय कुठून हे शोधायचं कसं, ते कोणीच नीट सांगत नव्हतं. आम्हाला ते शोधायला जवळजवळ दोन महिने लागले आणि त्या दोन महिन्यांत आम्ही एका चांगल्या शेजारणीला दुखावता दुखावता राहिलो. म्हणून सगळं क्रमाने लिहितेय.

घर सिंहगड रोडच्या बाजूला, 1994 ची चार मजली बिल्डिंग, लिफ्ट नाही, आम्ही दुसऱ्या मजल्यावर. 2 बीएचके, कार्पेट 610 स्क्वेअर फूट, एक बाथरूम आणि वेगळा संडास. बाथरूम आणि मागच्या बेडरूममध्ये चार इंची विटेची एकच भिंत, हे लक्षात ठेवा कारण सगळी गोष्ट त्या भिंतीत आहे. जानेवारीत रजिस्ट्रेशन झालं. घर माझ्या नावावर घेतलं म्हणून स्टॅम्प ड्युटी एक टक्का कमी बसली, 7 ऐवजी 6. कागदांचं काम बऱ्यापैकी सरळ झालं, इंडेक्स टू (रजिस्ट्रेशनचा उतारा), शेअर सर्टिफिकेटवर नाव, लाइट बिलावर नाव, राहत्या घराच्या 40 टक्के सवलतीसाठी महापालिकेत पीटी-3 फॉर्म. सोसायटीने ट्रान्स्फरचे 25,000 घेतले, महापालिका हद्दीत त्याच्यापेक्षा जास्त प्रीमियम घेताही येत नाही, हे ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगून ठेवते.

घर बघायला आम्ही दोनदा गेलो, दोन्ही वेळा दुपारी. मागच्या बेडरूमची एक भिंत ताज्या रंगाची होती, बाकीच्या तिन्ही भिंती जुन्या पिवळट. आईंनी (माझ्या सासूबाई) तिथेच विचारलं होतं, की हीच एक भिंत का रंगवली, तर उत्तर आलं की मुलाने स्टिकर चिकटवले होते. आम्ही पटवून घेतलं. आज कोणी माझ्याबरोबर जुना फ्लॅट बघायला आलं तर मी पहिलं हे बघेन, चार भिंतींत एकच भिंत ताजी असेल तर तिच्या पलीकडे काय आहे, बाथरूम आहे का, किचनचं सिंक आहे का, बाहेरची बाजू आहे का. आणि हात लावून बघेन, थंड लागते का. आम्ही हात लावला नव्हता.

पाडव्याला राहायला जायचं असं ठरलेलं, 22 मार्च. म्हणजे हातात जेमतेम सात आठवडे. त्यात आम्ही जे दिसतं ते सगळं करून घेतलं, पूर्ण घराला पुट्टी आणि रंग 78,000, किचनच्या ट्रॉल्या आणि वरची कपाटं 1,65,000, आणि इलेक्ट्रिकचं काम 42,000. यातलं इलेक्ट्रिकचं काम मात्र खरंच गरजेचं होतं. मीटरजवळ जुने किटकॅट फ्यूज होते, तारा बांधलेले. इलेक्ट्रिशियन भाऊ स्वतः नवऱ्याला घेऊन तपकीर गल्लीत (पुण्यातला इलेक्ट्रिकच्या सामानाचा बाजार) गेले, नवीन डीबी (सगळ्या लाइनचे खटके असतात तो बोर्ड), प्रत्येक लाइनला वेगळा एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा खटका), गीझरला वेगळी 4 स्क्वेअर एमएमची वायर, आणि सगळ्याच्या आधी 30 मिली अँपिअरचा आरसीसीबी. आरसीसीबीचं काम साधं आहे, फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत आला पाहिजे, मध्ये कुठेतरी जमिनीत, भिंतीत, किंवा माणसाच्या अंगातून गळाला की तो लगेच बंद पडतो. किटकॅट फ्यूजला ही गळती कळतच नाही, तो फक्त जास्त करंट गेला की वितळतो. भाऊ म्हणाले होते की सगळ्या घराचीच वायर बदला, पण मागच्या बेडरूमची आम्ही ठेवली, कारण तिथे वायरीसाठी भिंत खोदून झिरी मारली असती तर रंगाचं काम आठवडाभर पुढे गेलं असतं आणि पाडवा हुकला असता. ही पहिली चूक, ती पुढे वेगळ्याच पद्धतीने कामाला आली.

पाडव्याला गुढी उभारली, दूध उतू घातलं, राहायला लागलो.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात त्याच भिंतीवर, स्कर्टिंगच्या वर वीतभर उंचीवर, तळहाताएवढा डाग दिसला. आधी वाटलं लेकाने काही सांडलं असेल. चार दिवसांत तो दोन फूट रुंद झाला, रंगाला फुगे आले, आणि फुग्याला बोट लावलं की आतून पांढरी भुकटी पडायची. आई म्हणाल्या लोणा लागलाय. बरोबरच होतं, भिंतीतलं पाणी बाहेर येताना विटेतले आणि सिमेंटमधले क्षार बरोबर घेऊन येतं, पाणी उडून जातं, क्षार तिथेच राहतात आणि रंगाला मागून ढकलतात. म्हणजे लोणा दिसला की एक गोष्ट नक्की, भिंतीच्या आतून पाणी पुढे येतंय, वरवरचं काही नाही.

पेंटरला बोलावलं. त्याने बघितलं न बघितलं, पोपडे खरवडले आणि ओल थांबवणारी पुट्टी, त्यावर ओल थांबवणारा प्रायमर, त्यावर रंग असं करून दिलं, 8,500 रुपये. बावीस दिवस टिकलं. नंतर डाग अजून वर सरकून आला, जवळजवळ अडीच फुटांपर्यंत. नंतर समजलं की असं होणारच होतं, पुढून तोंड बंद केलं की पाणी आतल्या आत वर चढतं आणि जिथे वाट मिळेल तिथून बाहेर पडतं. पाण्याचा उगम बंद केल्याशिवाय खोलीच्या बाजूने काहीही फासलं तरी ते फार टिकत नाही, हे मी आता कोणाच्याही भिंतीबद्दल ठामपणे सांगेन.

मग आम्ही जे सगळेच करतात ते केलं, वरच्यांकडे बघितलं.

वर तिसऱ्या मजल्यावर एक काकू एकट्या राहतात, सत्तरीच्या जवळ, आमच्या बाथरूमच्या बरोबर वर त्यांचं बाथरूम. सोसायटीतल्या दोघा तिघांनी आम्हाला सांगितलं की वरूनच येत असणार, या बिल्डिंगमध्ये सगळ्यांचं तसंच आहे, सरळ पत्र द्या. सोसायटीच्या उपविधींमध्ये (नियमावलीत) याबद्दल स्पष्ट आहे, पावसाच्या पाण्याची गळती आणि बाहेरच्या कॉमन पाइपांची गळती सोसायटीने दुरुस्त करायची, आणि फ्लॅटच्या आतल्या संडास, बाथरूम, सिंक यांच्यामुळे होणारी गळती त्या सभासदाने स्वखर्चाने. म्हणजे वरून पाणी येतंय असं ठरलं असतं तर काकूंना त्यांचं बाथरूम फोडून कोबा (टाइल्सखालचा सिमेंटचा थर) आणि टाइल्स नव्याने करून घ्यायला लागल्या असत्या, साठ सत्तर हजारांचा खर्च, पेन्शनवर जगणाऱ्या बाईला. पत्राचा मसुदा नवऱ्याने टाइप पण करून ठेवला होता. आई म्हणाल्या आधी वर जाऊन बोलून या, कागद नंतर.

आम्ही गेलो. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अगं, माझ्या बाथरूमचं पाणी तुझ्याकडे येत असेल तर मला झोप नाही लागायची. बघून घ्या काय ते. फक्त लगेच फोडायला नका लावू."

मग आम्ही पाणी साठवून बघायची टेस्ट केली. नहाणी ट्रॅपमध्ये (फरशीवरचं पाणी जायच्या भोकात) कापडाचा बोळा आणि वर थोडं सिमेंट लावून तोंड बंद केलं, बाथरूमच्या उंबऱ्याला पण सिमेंटची बारीक पाळ केली, आणि दोन इंच पाणी भरून 48 तास ठेवलं. पाण्यात कपड्यांची नीळ घातली, म्हणजे खाली कुठे आलंच तर रंगावरून कळावं. पाण्याची पातळी टाइलवर पेन्सिलने आखली. आणि शेजारी एका बादलीत तेवढंच पाणी भरून तिच्यावरही खूण केली, कारण मे महिन्यात पाणी उडून जाऊनही थोडं कमी होतं, ते किती हे बादलीवरून समजतं. ते दोन दिवस काकू अंघोळीला आमच्याकडे येत होत्या, सकाळी साडेसहाला, आणि आई त्यांना चहा पाजल्याशिवाय सोडायच्या नाहीत. दोन दिवसांनी बाथरूममधलं पाणी आणि बादलीतलं पाणी सारखंच उतरलेलं, दोन तीन मिलिमीटर. आमच्या बाथरूमचं छत कोरडं, निळा थेंब कुठेच नाही. काकूंचं बाथरूम तीस वर्षांचं असूनही ठणठणीत होतं.

खरं तर छताकडे नीट बघितलं असतं तर ही टेस्ट करायच्या आधीच शंका यायला हवी होती. वरून पाणी आलं असतं तर बाथरूमच्या छताला, नाहीतर भिंतीच्या वरच्या भागात काहीतरी दिसलं असतं, ठिपके, बुरशी, चुन्याचे ओघळ. आमचा डाग जमिनीपासून अडीच फुटांपर्यंत होता आणि त्याच्यावर भिंत स्वच्छ. दुसरी खूण महिन्याची. एप्रिल मे, पावसाचा थेंब नाही, म्हणजे बाहेरची भिंत, खिडकीचा छज्जा, गच्ची हे सगळे संशयित आपोआप बाद. आम्ही तरी प्लॅस्टिकची टेस्ट करून घेतली, डागाजवळ फूटभर जाड प्लॅस्टिक चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवलं आणि दोन दिवस ठेवलं. प्लॅस्टिकच्या मागे, भिंतीच्या बाजूने थेंब जमले. पुढच्या बाजूने जमले असते तर खोलीतली दमट हवा असं म्हणता आलं असतं. फुकटात होते ही टेस्ट, कोणीही घरी करून बघावी.

आता राहिलं आमचंच बाथरूम. आमच्या नहाणीची पण तशीच 48 तासांची टेस्ट केली, अंघोळीला यावेळी आम्ही काकूंकडे. पातळी थोडी जास्त उतरली, पण खालच्या मजल्यावरच्या ताईंचं छत कोरडं आणि आमचा डाग जसाच्या तसा, निळा रंग नाही. इथे आम्ही अडकलो. पाणी फरशीतून नाही, वरून नाही, बाहेरून नाही.

आणि मग आरसीसीबीने सांगितलं.

मेच्या सुरुवातीपासून तो अधूनमधून ट्रिप व्हायचा. आधी आठवड्यातून एकदा, नंतर जवळजवळ रोज, बहुतेक पहाटे. सगळं घर अंधारात, पंखा बंद, लेक घामाने उठून बसायचा. नवरा उठून खटका वर करायचा की चालू. एका ओळखीच्यांनी सांगितलं की हे आरसीसीबी फार नाजूक असतात, काढून टाका किंवा बायपास करा. नशिबाने आम्ही ऐकलं नाही. हे अगदी कळकळीने सांगते, घरात लहान मूल आहे, ओली भिंत आहे, तिथे आरसीसीबी सारखा पडत असेल तर तो त्याचं काम करतोय. त्याला काढू नका, गळती शोधा.

भाऊंना बोलावलं. त्यांनी सगळे एमसीबी बंद करून, त्या लाइनचे न्यूट्रलही सोडवून, एकेक लाइन चालू करत तपासलं आणि मेगरने (वायरीतून करंट गळतोय का हे मोजायचं मीटर) मोजलं तर दोष मागच्या बेडरूमच्या लाइनमध्ये, म्हणजे जी जुनी वायर आम्ही ठेवली होती तीच. पलंगाजवळचा स्विचबोर्ड उघडला तर आतल्या लोखंडी बॉक्सच्या तळाला पाणी. भिंतीतल्या वायरीच्या पाइपातून वाहून येऊन तिथे साठत होतं आणि जुन्या जोडाची टेप ओली होऊन करंट भिंतीत गळत होता. तो बोर्ड माझ्या लेकाच्या उशीपासून हातभर अंतरावर. भाऊंनी त्याच क्षणी ती लाइन कापून टाकली, आम्ही सगळे हॉलमध्ये झोपायला लागलो. जुने फ्यूज असते तर हे कधी कळलं असतं, आणि कसं कळलं असतं, याचा विचार अजूनही मला नको वाटतो.

पण पाणी कुठलं, याचं उत्तर अजून नव्हतं, आणि ते दिलं आईंच्या कॅलेंडरने. आईंना सवय आहे, दूध, गॅस, कामवाल्या मावशींचे खाडे सगळं कॅलेंडरवर लिहायची, तसं त्या ट्रिप झाल्याचा दिवस पण लिहीत होत्या, त्या चौकोनात नुसतं "लाइट" असं. त्या वर्षी एल निनोमुळे पाऊस लांबणार म्हणून महापालिकेने 18 मे पासून दर गुरुवारी पाणी बंद ठेवायला सुरुवात केली होती. आमच्या सोसायटीत गुरुवारी सकाळी दोन तास पाणी सोडून गच्चीवरचा मेन व्हॉल्व्ह बंद करायचे, तो शुक्रवारी पाणी आलं की उघडायचे. भाऊंनी लाइन कापायच्या आधीचं कॅलेंडर बघताना आईंच्या लक्षात आलं की 19 मे, 26 मे आणि 2 जून, तिन्ही शुक्रवारच्या चौकोनात "लाइट" नाही. बाकी जवळजवळ रोज आहे. आई नवऱ्याला म्हणाल्या, "अरे, टाकी बंद असली की लाइट जात नाही, हे बघ." 

म्हणजे सांडपाणी नाही, टाकीच्या दाबाखालचं पाणी. भिंतीतला पाइप.

पुढचं सगळं या एका वाक्यावर फिरलं. सांडपाण्याची गळती आपण पाणी वापरू तेव्हाच होते, अंघोळी झाल्या की थांबते. पुरवठ्याच्या पाइपाची गळती चोवीस तास चालू, आणि रात्री कोणी नळ उघडत नाही म्हणून दाब टिकून राहतो, तेव्हा जास्त. म्हणून पहाटे ट्रिप. आमच्या नळाच्या वर टाकी साधारण नऊ मीटरवर, दहा मीटर उंचीला दर चौरस सेंटिमीटरवर एक किलो दाब, म्हणजे आमच्याकडे जेमतेम 0.9 किलो. इतक्या कमी दाबाला बारीक भोकातून थेंब थेंबच येणार, धार नाही, आवाज नाही, टाकी लवकर रिकामी होतेय असंही कोणाला वाटणार नाही.

प्लंबर मामा 11 जूनला रविवारी आले. गरम आणि गार लाइन वेगळ्या केल्या, नळांच्या जागी प्लग लावले आणि हातपंपाने दाब दिला. पाइप जुना असल्यामुळे त्यांनी पाच किलोच्या वर नेला नाही. गार लाइनचा काटा जागेवर. गरम लाइनचा काटा दहा मिनिटांत पाचवरून दोनवर. गीझर बंद असला तरी त्याच्यातून मिक्सरपर्यंतचा पाइप कायम भरलेला आणि दाबाखाली असतो, हे मला त्या दिवशी कळलं.

सोमवारी भिंत उघडली, बाथरूमच्या बाजूने. मिक्सरच्या मागे, जमिनीपासून तीन फुटांवर जीआयचा (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा) एल्बो, म्हणजे पाइप वळवायचा कोपरा, आणि त्याच्या खालच्या अंगाला सुईच्या टोकाएवढं भोक, बाजूला गंजाचा लालसर गोळा. मामांनी कारण समजावलं, जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप आणि पितळेचं फिटिंग एकमेकांना लागले, त्यात कायम पाणी, की दोन धातूंमधला कमजोर धातू झिजतो, आणि गरम पाण्यात ते काम आणखी लवकर होतं. पाइप कापून दाखवला तर अर्धा इंची पाइपात पेन्सिल जाईल एवढीच जागा उरलेली, बाकी सगळा गंज आणि क्षार. शॉवरला पाणी कमी का येतं त्याचंही उत्तर मिळालं. तो कापलेला तुकडा मी ठेवलाय, घर घेणाऱ्या कोणालाही दाखवते.

आता फक्त तो एल्बो बदलायचा की सगळी लाइन, यावर घरात वाद झाला. एल्बो बदलला असता तर तीन हजारांत काम. पण सगळा पाइप त्याच वयाचा, आज इथे फुटला, उद्या फूटभर पुढे. आम्ही बाथरूम आणि किचन दोन्हीकडचं जीआय काढून सीपीव्हीसी (प्लॅस्टिकचा पाइप) टाकलं, 31,000. गरम पाण्यासाठी सीपीव्हीसीच हवं, ते 93 अंशांपर्यंत चालतं, साधं यूपीव्हीसी गार पाण्यासाठी. आणि यावेळी शक्य तितकी लाइन डक्टमधून (पाइपांसाठी सोडलेल्या मोकळ्या जागेतून) नेली, भिंतीत फक्त शेवटचा फूट दीड फूट. दिसायला थोडं कमी चांगलं, पण हाताला येतं. बंद करायच्या आधी दहा किलोवर तासभर टेस्ट, आणि झिऱ्या बुजवायच्या आधी प्रत्येक भिंतीचा टेप धरून फोटो, म्हणजे उद्या ड्रिल मारताना पाइप कुठून गेलाय हे कळेल. हे फोटो घराच्या फाइलमध्ये इंडेक्स टूच्या शेजारी आहेत.

टाइल्स फुटल्या त्या जुळणाऱ्या मिळाल्या नाहीत, शिवाय आमच्या नहाणीची पातळी टेस्टमध्ये थोडी जास्त उतरली होती, म्हणून बाथरूम पूर्ण केलं, जुना कोबा काढून नवीन, वर सिमेंट पॉलिमरचे दोन कोट भिंतीवर फूटभर चढवून, टाइल लावायच्या आधी परत 48 तास पाणी भरून आणि खालच्या ताईंना छत बघायला सांगून. 64,000. राडारोड्याची 38 पोती निघाली, लिफ्ट नाही, बिगाऱ्यांनी ती खांद्यावरून खाली नेली, त्यांना ठरल्यापेक्षा जास्त दिले आणि द्यायलाच हवे होते. सोसायटीत आवाजाचं काम दहा ते एक आणि चार ते सहा एवढंच, त्यामुळे आठ दिवसांचं काम तेरा दिवस चाललं. 25 जूनला मान्सून मुंबईत पोचला आणि आमच्याकडेही पाऊस सुरू झाला, तेव्हा टाइल्सचं ग्राउट भरून दोनच दिवस झाले होते. त्या वर्षी पाऊस उशिरा आला याचा शहराला त्रास झाला, पण आमचं काम त्या उशिरामुळे कोरड्यात उरकलं.

बेडरूमच्या बाजूने आम्ही सगळ्यात कठीण गोष्ट केली, काहीच केलं नाही. ओलं प्लास्टर चार फुटांपर्यंत काढून टाकलं, वीट उघडी ठेवली. वीट पावसाळ्यात हळूहळू सुकते, तिच्यातून क्षार येत राहतात, ते दर आठवड्याला कोरड्या ब्रशने झाडायचे, धुवायचे नाहीत, धुतलं की ते परत आत जातात. जून ते सप्टेंबर ती भिंत तशीच होती. गणपतीला पाहुणे आले, प्रत्येकाने विचारलं हे काय, दोघांनी तर स्वतःचा माणूस पाठवून आठवड्यात करून देतो म्हणून सांगितलं. मला त्या उघड्या भिंतीचा रोज त्रास व्हायचा, नवीन घर म्हणून किती हौसेने रंग निवडला होता. पण पहिल्यांदा घाई केली होती त्याची किंमत डोळ्यासमोर होती. अनंत चतुर्दशीनंतर परत प्लॅस्टिकची टेस्ट केली, मागून कोरडं. मग नवीन वायर, नवा बोर्ड, विटेला पाणी मारून प्लास्टर, सात दिवस क्युरिंग, त्यानंतर चार आठवडे नुसतं सुकू दिलं, आणि दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात रंग. वायर 6,500, प्लास्टर 4,200, रंग 5,000.

खर्चाचा हिशोब केला तर दुसऱ्या फेरीचे 1,19,200 झाले. यातले पाइप, बाथरूम आणि वायर मिळून 1,01,500 हे कधी ना कधी करावेच लागणार होते, बिल्डिंगचं वयच ते. खऱ्या अर्थाने वाया गेले ते पहिली पुट्टी, नंतरचं प्लास्टर आणि रंग, 17,700. रक्कम लहान आहे. मोठं नुकसान म्हणजे नव्या ट्रॉल्यांमध्ये शिरलेली सिमेंटची धूळ, पाच महिने हॉलमध्ये अंथरलेल्या गाद्या, आणि लेकाच्या उशीजवळचा तो बोर्ड. जानेवारीत चावी मिळाल्या मिळाल्या प्लंबरला बोलावून हातपंपाची टेस्ट केली असती, हजार दीड हजारात, तर भिंती आधीच उघड्या होत्या, सगळं रंगाआधी झालं असतं. ट्रॉल्या पाडव्यानंतर सहा महिन्यांनी केल्या असत्या तरी स्वयंपाक थांबला नसता.

तो पत्राचा मसुदा नवऱ्याने पाठवलाच नव्हता, नंतर डिलीट केला. काकूंना आम्ही कापलेला पाइप नेऊन दाखवला तेव्हा त्यांनी बराच वेळ हातात धरून बघितला आणि विचारलं, "माझ्याकडेही हाच असेल ना गं?" त्यांच्याकडेही 1994 चंच जीआय आहे. मामांनी टेस्ट केली, दोन्ही लाइन अजून दाब धरतात, पण गरम लाइनचा काटा तासाभरात जरासा हलला. पुढच्या फेब्रुवारीत, कोरड्या दिवसांत, त्यांची गरम लाइन बदलली, डक्टमधूनच, टाइल्स न फोडता. ते चार दिवस काकू परत सकाळी साडेसहाला आमच्याकडे.